पाण्यात दिसेनासा होतो तो हिरा नव्हे

‘खरा हिरा पाण्यात टाकला की दिसेनासा होतो’ हा व्हिडिओ वर्षातून एकदा तरी फिरत फिरत माझ्याकडे येतोच. गोष्ट नेमकी उलटी आहे. पाण्यात हरवते ती काच.

पारदर्शक वस्तूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या ताकदीचा आकडा, भोवतालच्या माध्यमाच्या जितका जवळचा, तितकी ती दिसायला अवघड. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, साध्या काचेचा सुमारे 1.5, हिऱ्याचा 2.42. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी काचेचा पृष्ठभाग हवेत 4 टक्के परत पाठवतो, पाण्यात जेमतेम 0.4 टक्के. हिरा हवेत 17 टक्के आणि पाण्यातही 8 टक्के. म्हणजे बुडवलेला हिरासुद्धा कोरड्या काचेच्या दुप्पट प्रकाश परतवतो!

पण खरी गंमत आत आहे. हिऱ्यात शिरलेला किरण बाहेर हवेत पडायला निघतो आणि पैलूशी अडतो. पैलूला काढलेल्या लंबाशी त्याचा कोन 24.4 अंशांहून जास्त असला, की पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन तो आतच परततो. काचेत हा क्रांतिक कोन 42 अंशांच्या आसपास, त्यामुळे किरणाला निसटायला भरपूर वाव. पैलू नीट पाडलेल्या हिऱ्यात वरून आलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर दोनदा आपटून पुन्हा वरूनच बाहेर येतो. आरपार फारसा जातच नाही. सुटा खडा सपाट तोंड खाली करून छापील मजकुरावर ठेवा. काचेतून वेडीवाकडी का होईना, अक्षरं दिसतात. हिऱ्यातून सहसा वाचता येत नाहीत.

क्युबिक झिर्कोनिया हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा इथे चकवतो, कारण त्याचा क्रांतिक कोन 27 अंशांच्या घरात. त्याचं बिंग रंग फोडतात. पांढऱ्या प्रकाशाचे रंग सुटे करण्याचा गुण, म्हणजे अपस्करण, हिऱ्यात 0.044, झिर्कोनियात 0.06च्या आसपास आणि मॉयसनाइट या हिऱ्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यात तब्बल 0.104. ‘हिऱ्याहूनही रंगीत झगमग’ ही मॉयसनाइटची जाहिरात खोटी नाही. पण तोच तर पुरावा!

मॉयसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. हिऱ्याच्या उलट, मॉयसनाइट आत शिरलेल्या एका किरणाचे दोन करतो. दहापट भिंगाखाली खडा जरा तिरका धरून कडेच्या पैलूतून आत पाहिलं, की पलीकडची प्रत्येक कड जोडीने दिसते, रुळांसारखी. अगदी सरळ वरून मात्र पाहू नका. खडा बहुधा अशा दिशेने कापतात, की तिथून ही जोडी दिसत नाही. झिर्कोनियात अशी जोडी नसते, पण तो हिऱ्याहून बराच मऊ. वापरलेल्या खड्याचे कंगोरे झिजून गोलसर होतात.

आणि कृपा करून घणाखाली परीक्षा नको. हिरा कठीण आहे म्हणजे चिवट आहे असं नव्हे. ठरावीक प्रतलांवर तो चटकन दुभंगतो. अस्सल असला, तर तेही तुकडे पाहूनच कळेल.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा या सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण होतो. तोही कार्बनच, अणूंची रचनाही तीच. त्याला नकली म्हणता येत नाही, आणि तो जमिनीतून आला की यंत्रातून, हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही.