आघातोपचार व्यवस्था, प्रादेशिक (बेळगाव सीमाभाग)

गंभीर जखमीला घटनास्थळापासून पुनर्वसनापर्यंत सलग उपचार मिळावेत म्हणून एखाद्या प्रदेशातील रुग्णवाहिका, रुग्णालये व जखमींची नोंद यांची घातलेली सांगड. नुसते सुसज्ज रुग्णालय म्हणजे व्यवस्था नव्हे.

अमेरिकेत अपघाती मृत्यू व अपंगत्वावरील १९६६ च्या अहवालानंतर या विचाराला गती आली. १९७१ च्या सुमारास इलिनॉय राज्याने राज्यव्यापी रचना उभारली. ‘गोल्डन अवर’ (दुखापतीनंतरचा, जीव वाचवण्यास निर्णायक मानलेला पहिला तास) ही संज्ञा सहसा बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांच्या नावे सांगतात. काही जण तिचे मूळ पहिल्या महायुद्धातील फ्रेंच आकडेवारीत शोधतात. लर्नर व मॉस्काटी या संशोधकांना मात्र २००१ मध्ये साठ मिनिटांच्या मर्यादेला ठोस आधार आढळला नाही, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते: पोटातील रक्तस्रावाला तासभर सवड नसते, तर मांडीच्या साध्या अस्थिभंगात ती बरीच असते. तरीही भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने हा तास कायद्याच्या व्याख्येत बसवला.

मूल्यमापनाची जुनी रीत म्हणजे टाळता येण्याजोग्या मृत्यूंची मोजणी. १९७४ पासून दुखापतीच्या तीव्रतेचा गुणांक वापरात आला. त्यात वय व शारीरिक स्थिती मिळवून काढलेली जगण्याची संभाव्यता १९८७ नंतर रूढ झाली. तिचे सहगुणक (सूत्रात प्रत्येक घटकाला दिलेले वजन) अमेरिकी रुग्णांवरून काढलेले असल्याने ते इथे जसेच्या तसे लावणे धोक्याचे.

सीमाभागात अडचण हद्दीची आहे. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ पासून, महाराष्ट्रात २०१४ पासून. क्रमांक एकच, यंत्रणा दोन. पुणे–बंगळूर महामार्गावर निपाणीजवळच्या जखमीला बेळगावपेक्षा कोल्हापूरचे ‘सीपीआर’ (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) जवळ पडते. तो तिथे दगावला, तर केवळ बेळगावच्या रुग्णालयांतून भरलेल्या नोंदवहीत तो मृत्यू येणारच नाही आणि जिल्ह्याचा निकाल उगाच चांगला दिसेल. म्हणून मोजणी रुग्णालयापासून नव्हे, रस्त्यापासून सुरू व्हावी. नातेवाइकांनी मध्येच घरी नेलेल्यांचाही असाच विसर पडतो.

नोंदी जुळवतानाही पेच आहे. मराठीत सांगितलेले नाव पोलीस ठाण्यात कन्नडमध्ये आणि केसपेपरवर इंग्रजीत उतरते, शिवाय एका गावात चार-चार पाटील. नावापेक्षा अपघाताची वेळ, ठिकाण व वाहन क्रमांक यांवरून जुळणी करणे अधिक भरवशाचे; मात्र पायी चाललेल्याला धडक देऊन वाहन पळाले असेल, तर त्यातला शेवटचा दुवाही हाती राहत नाही.