अँजिओग्राफीनंतरची झोप हृदयासाठी नसते

नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळच्या एखाद्या हार्ट हॉस्पिटलात भेटीच्या वेळेला गेलात, तर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आप्पांचं हार्ट नाजूक झालंय, म्हणून डॉक्टर हलू देत नाहीत." निफाडहून आणलेले आप्पा उताणे, उजवा पाय सरळ, भोवती धास्तावलेले पाहुणे. खरं तर अँजिओग्राफीत हृदयाला कुठे चीर जात नाही. डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य, सोडून एक्स-रेवर हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात, एवढंच. जखम असते जांघेतल्या धमनीला. तिथून सरकवलेली ६ फ्रेंच मापाची नळी म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. झोपून राहायचं ते त्या भोकासाठी.

नळी काढली की पंधरा-वीस मिनिटं जांघ दाबून धरतात. पण धमनीत रक्त इतक्या जोरात धावतं, तर प्लेटलेट, म्हणजे जखमेवर चिकटून रक्त थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक चकत्या, तिथे टिकतात कशा? इथे माझं लाडकं प्रथिन येतं, फॉन विलेब्रांड फॅक्टर. १९२६ मध्ये रक्तस्रावाचा एक आनुवंशिक आजार नोंदवणाऱ्या फिनलंडच्या डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांचं नाव त्याला मिळालं. हा लांबलचक रेणू एरवी गुंडाळी होऊन फिरतो आणि प्लेटलेटच्या वाटेला जात नाही. धमनीची भिंत फाटली की तिच्यातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन उघडं पडतं, गुंडाळी तिथे चिकटते आणि वाहतं रक्त तिला ओढून उलगडतं. येवल्यात संक्रांतीला वाऱ्याने पतंग खेचला की आसारीवरचा मांजा सुटतो, तसंच. उलगडल्यावरच तिचा ए-१ हा भाग मोकळा होतो आणि प्लेटलेटवरचं ग्लायकोप्रोटीन वन-बी त्यात अडकतं. म्हणजे रक्ताची ओढ वाढली की पकडही वाढते! मग थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं एन्झाइम फायब्रिन या प्रथिनाचे धागे तयार करतं, फॅक्टर १३ हे दुसरं एन्झाइम त्यांना एकमेकांशी जोडतं.

हे बूच सुरुवातीला कच्चं असतं. म्हणून काही तास, बहुधा दोन ते सहा, पाय दुमडायचा नाही, मान उचलायची नाही, खोकला आला तर पट्टीवर हात दाबायचा. रक्त दर वेळी बाहेर दिसतंच असं नाही, पोटामागेही साचतं. अचानक कंबर दुखली किंवा चक्कर आली तर सिस्टरना लगेच हाक मारा.

१९८९ मध्ये कॅनडाच्या लुसिअन कांपो यांनी मनगटातून अँजिओग्राफी केल्याचं प्रसिद्ध केलं. आता अनेकांची तशीच होते. हृदय तेच, तपासणी तीच, पण मनगटाला पट्टा बांधून पेशंट थोड्याच वेळात उठून बसतो.

आणि हो, 'नसा उघडणारा' लसूण-आल्याचा काढा बाटलीत भरून आणणारे एक काका प्रत्येक वॉर्डात असतात. त्याने ब्लॉकेज विरघळत नाही. पाजायचंच असेल तर साधं पाणी पाजा. डाय लघवीवाटे जायला त्याची मदत होते. फक्त डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर तेवढंच.