चोरटी हवा आणि लीन इंजिन

पोर्शे ९११ एससी ही गाडी १९७८ ते १९८३ या काळात बनली. मागच्या बाजूला हवेने थंड होणारं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्याला पेट्रोल पुरवणारी बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणा. चाळिशी ओलांडलेल्या या गाड्यांचं एक दुखणं ठरलेलं आहे: इंजिन लीन चालतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आयडलिंगला आरपीएम वरखाली होत राहतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर अडखळतं, मधूनच इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भागात, फट्‌ असा आवाज होतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या मिक्स्चरच्या स्क्रूकडे जातो. माझ्या मते तो तिथे सगळ्यात शेवटी जायला हवा.

का, ते कळायला ही यंत्रणा हवा कशी मोजते ते पाहावं लागेल. आत येणारी हवा एक गोल चकती उचलते. चकतीची दांडी पेट्रोल वाटणाऱ्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर (दट्ट्या) वर ढकलते. प्लंजर जितका वर, तितक्या बारीक फटी उघडतात आणि तितकं पेट्रोल सहाही इंजेक्टरमधून अखंड फवारलं जातं. मोजमाप सगळं यांत्रिक. त्यामुळे चकती न उचलता जी हवा आत शिरते, तिचा यंत्रणेला पत्ताच नसतो. त्या हवेच्या वाट्याचं पेट्रोल कुणी देत नाही.

आता गळती एकच असली तरी तिचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ बंद असतो, इनटेकमध्ये व्हॅक्यूम जोरदार असतो आणि इंजिन मुळात हवा थोडीच घेत असतं. अशा वेळी छोट्याशा भेगेतून येणारी हवाही मोठा वाटा खाऊन जाते. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम जवळपास संपतो आणि तीच भेग नगण्य ठरते. म्हणून लीनपणा नेमका कधी जाणवतो, हे गाडीच्या मालकाला खोदून खोदून विचारावं. फक्त आयडलिंगला असेल तर हवेची गळती शोधा. चढावर किंवा भरधाव असतानाच असेल तर पेट्रोलचा फिल्टर आणि पंप तपासा. दोन्हीकडे असेल तर कंट्रोल प्रेशर, म्हणजे प्लंजरवरचा पेट्रोलचा दाब, मोजा.

गळती पकडायची पहिली चाचणी फुकट आहे. या इंजिनात क्रँककेसची (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचातली) हवा इनटेकला जोडलेली असते. इंजिन आयडलिंगला चालू ठेवून ऑइल फिलरचं झाकण काढा. इंजिन लगेच गडबडायला हवं, बंदही पडू शकतं. काहीच फरक पडला नाही, तर आधीच कुठेतरी एवढी हवा शिरते आहे की आणखी थोडी आल्याने काही बिघडत नाही. मग स्मोक टेस्ट करावी. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं. उष्णतेने कडक झालेले इंजेक्टरचे ओ-रिंग, इनटेक पाइपांचे रबरी बूट, झाकणाचं गॅस्केट आणि इनटेकमधला प्लॅस्टिकचा हवेचा डबा, म्हणजे एअरबॉक्स, ही नेहमीची ठिकाणं. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे बरेच आहेत, पण ते ज्वलनशील द्रव्य असतं. तो धोका पत्करू नये.

एअरबॉक्सबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. लीन मिश्रण हळू जळतं. ज्योत विझायच्या आत इनटेक व्हॉल्व्ह उघडला की ती मागे पसरते आणि एअरबॉक्समध्ये साठलेलं मिश्रण भडकतं. प्लॅस्टिकला चीर जाते, चिरेतून आणखी हवा शिरते, इंजिन आणखी लीन होतं. म्हणूनच जाणकार मालक एअरबॉक्सवर पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवून घेतात. भडका उडालाच तर झडप उघडून दाब निघून जातो.

गळती नसेल तर पेट्रोलचा दाब मोजणारा गेज लावा. प्लंजरला वरून दाबून धरणारा कंट्रोल प्रेशर वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो. थंड इंजिनावर तो कमी असतो, गरम झाल्यावर साधारण साडेतीन बारच्या आसपास जातो. रेग्युलेटरच्या तोंडाची बारीक जाळी गाळाने तुंबली तर दाब वाढतो, प्लंजर पुरेसा उचलला जात नाही आणि इंजिन लीन होतं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्ब्डा मीटरवर मात्र आंधळा विश्वास नको. सायलेन्सरच्या पाइपाला सेन्सरच्या अलीकडे भोक असेल किंवा एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि मीटर खोटंच लीन दाखवतो.

पेट्रोलही पाहावं. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास हवा पुरते. जुन्या पेट्रोलसाठी लावलेली के-जेट्रॉनिक मात्र पेट्रोल आधीच्याच हिशेबाने देते, म्हणजे मिश्रण लीन होतं. एरवी भार असताना मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवलेलं असतं, कारण वाफ होणारं जादा पेट्रोल उष्णता शोषतं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला तेवढाही आधार मोलाचा असतो.

गळती बुजवल्यावर अनेकदा उलटंच घडतं: इंजिन काळा धूर टाकू लागतं, पेट्रोलचा वास येतो. आधीच्या कुणीतरी चोरट्या हवेची भरपाई म्हणून स्क्रू रिचकडे फिरवून ठेवलेला असतो. आता ३ मिमीची लांब अ‍ॅलन की आत घाला, अगदी किंचित उलट फिरवा, की बाहेर काढा, इंजिन थोडं रेझ करून स्थिर होऊ द्या आणि मगच धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) पुन्हा मोजा.