मागचा ॲक्सल शाफ्ट किती पीळ सोसतो?

ऑफ-रोड गाडीच्या मागच्या ॲक्सल शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न त्याच्या टोकावरच्या दात्यांचा (स्प्लाइनचा) येतो: 27 स्प्लाइनचा की 30 चा? दुसरा पोलादाचा: क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) आहे का? प्रश्न गैर नाहीत, पण एवढ्यावरून दोन शाफ्टची तुलना होत नाही. शाफ्ट तुटतो तो बहुधा त्याच्या सर्वांत बारीक जागी. तिथे व्यास किती आहे आणि त्या शाफ्टवर नुसता पीळ पडतो की गाडीचं वजनही येतं, हे आधी पाहायचं. पोलादाची पाळी त्यानंतर.

भरीव गोल दांड्याला पीळ दिला की सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावर येतो, मध्यावर जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास 10 टक्के वाढला तर ताकद 33 टक्के वाढते. याच नियमामुळे दांड्यात अर्ध्या व्यासाचं आरपार भोक पाडलं तर वजन एक चतुर्थांश कमी होतं, ताकद मात्र सोळाव्या हिश्शानेच घटते. स्पर्धेच्या गाड्यांत पोकळ शाफ्ट दिसतात ते या हिशेबावर.

आता हा व्यास मोजायचा कुठे? जाहिरातीत दिलेला आकडा दात्यांच्या टोकांवरचा असतो, आणि पीळ सोसतो तो दात्यांच्या मुळाशी उरलेला गाभा. ॲक्सलमध्ये सर्रास आढळणाऱ्या 24 पिचच्या (पिचचा आकडा जितका मोठा, तितके दाते बारीक) स्प्लाइनमध्ये या दोहोंत सुमारे 3 मिमीचा फरक पडतो. डाना 35 या ॲक्सलचा 27 दात्यांचा शाफ्ट टोकांवर साधारण 29.6 मिमी भरतो, मुळाशी 26.7. डाना 44 चा 30 दात्यांचा वरून 32.8 आणि मुळाशी 29.8. 35 दात्यांचा दीड इंची, म्हणजे 38.1 मिमीचा शाफ्ट मुळाशी 35.1 मिमी राहतो. तिघांवर 2,500 न्यूटन-मीटर पीळ टाकला तर पृष्ठभागावरचा ताण अनुक्रमे 670, 480 आणि 295 मेगापास्कल येतो. दात्यांच्या कोपऱ्यांत ताण आणखी एकवटतो, तो यात धरलेला नाही. 27 वरून 35 वर गेलं की ताकद सव्वादोन पट होते, तीही पोलाद न बदलता.

दात्यांची संख्या मात्र एकाच पिचमध्ये तोलायची. जनरल मोटर्सच्या फुल-फ्लोटिंग (शाफ्टवर गाडीचं वजन न येणाऱ्या) 14-बोल्ट ॲक्सलचा शाफ्टही 30 दात्यांचाच, पण त्याचे दाते जाड आणि व्यास दीड इंचाच्या घरात. नुसते दाते मोजणाऱ्याला तो डाना 44 च्या बरोबरीचा वाटेल, प्रत्यक्षात तो वरच्या वर्गातला आहे. शाफ्ट हातात असेल तर व्हर्नियर लावून मोजलेलं बरं.

पण 2,500 हा आकडा आला कुठून? इंजिनाचा टॉर्क 300 न्यूटन-मीटर, आणि गिअरची गुणोत्तरं पहिल्या गिअरला 4, लो रेंजला (जास्त जोराच्या संथ चालीला) 2.5 आणि क्राउन-पिनियनला (ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअर-जोडीला) 4 धरली, तर घर्षणातली घट सोडून 12,000 न्यूटन-मीटर होतात. एवढा पीळ एका शाफ्टवर सहसा येत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. चढावर मागच्या एका चाकावर 700 किलो वजन आलं, घर्षणांक 0.9 आणि टायरची त्रिज्या 40 सेंमी असली, तर टायर साधारण 2,470 न्यूटन-मीटरला सुटतो. म्हणजे शाफ्टवरचा भार इंजिनापेक्षा टायरची पकडच ठरवते. 31 इंची टायर काढून 35 इंची बसवला तर तेवढ्याच पकडीवर शाफ्टला 13 टक्के जास्त पीळ सोसावा लागतो. हवा कमी करून पकड वाढवली, तर त्याची भर वेगळी.

हा हिशेब दोन प्रसंगी कोलमडतो. एक, चाक दगडांच्या फटीत अडकलं की घसरून सुटका होण्याची सोयच उरत नाही. साधा डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारी गिअररचना) असेल तर दुसरं चाक फिरून जातं आणि शाफ्ट वाचतो. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) लावलेला असला तर मागच्या ॲक्सलचा सगळा टॉर्क त्या एका शाफ्टवर येऊ शकतो. म्हणून लॉकर बसवायचा ठरला की शाफ्टचा विचार त्याच बैठकीत झाला पाहिजे. दुसरा प्रसंग उडीचा. हवेत गरगरणारं जड चाक ॲक्सिलरेटर दाबलेला असताना कोरड्या दगडावर आपटलं की त्याची फिरण्याची ऊर्जा क्षणात शाफ्टमध्ये उतरते. तो धक्का वरच्या स्थिर हिशेबाच्या कितीतरी वर जातो. चाक टेकण्याआधी पाय उचलणं हा शाफ्ट वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

धक्का पचवण्यात शाफ्टची लांबीही कामी येते. 33 मिमी जाडीचा 80 सेंमी लांबीचा शाफ्ट 2,500 न्यूटन-मीटरला तब्बल 12 अंश पिळतो आणि भार गेला की परत सरळ होतो. लांब शाफ्ट जास्त पिळतो, म्हणून जास्त ऊर्जा सामावतो. डिफरन्शियल एका बाजूला सरकवलेला असेल तर आखूड बाजूचा शाफ्ट आधी जातो तो यामुळेच. चांगले उत्पादक शाफ्टचा मधला भाग दात्यांच्या मुळाच्या व्यासाइतका बारीक करतात, तेही याच कारणाने: पीळ स्प्लाइनच्या शेवटी न एकवटता लांबीभर पसरतो. मधला भाग जाडजूड ठेवलेला शाफ्ट दिसायला दणकट, पण धक्क्याला उलट कमकुवत ठरू शकतो.

आता पोलाद. कारखान्यातून येणारे बरेच शाफ्ट 1541 सारख्या मध्यम कार्बनच्या, मँगनीजयुक्त पोलादाचे असतात आणि त्यांचा पृष्ठभाग इंडक्शनने (विद्युत-चुंबकी तापवणीने) कडक केलेला असतो. बाहेर कडक कवच, आत चिवट गाभा. ताण बाहेरच जास्त असल्याने ही रचना पिळाला चांगली जुळते. 4340 क्रोमोलीत निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असल्याने ते खोलवर कडक होतं आणि कडक होऊनही चिवट राहतं. क्रोमोली शाफ्ट ‘कमी पिळतो’ असं सांगतात, ते खरं नाही. पोलाद कुठलंही असो, त्याचा पिळाला होणारा लवचीक विरोध जवळपास सारखाच असतो. तेवढ्याच व्यासाचा क्रोमोली शाफ्टही तेच 12 अंश पिळेल. फरक इतकाच की साधा शाफ्ट जिथे कायमचा पिळून बसेल, तिथून क्रोमोलीवाला परत येईल. अर्थात उष्णता-प्रक्रिया नीट झाली असेल तर. ती बिघडलेली असेल तर 4340 च्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

वजनाचं गणित वेगळं आहे. सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये चाक थेट शाफ्टच्या फ्लॅन्जवर (टोकाच्या चकतीवर) बसतं, त्यामुळे शाफ्टला पिळासोबत वाकणंही सोसावं लागतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तोच बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. 80 किमी वेगाने तासाला सुमारे 32,000 वेळा. स्पेसर (चाकामागची जाड चकती) लावून चाक बाहेर सरकवलं की हे वाकणं वाढतं आणि बाहेरच्या बेअरिंगपाशी फटीगची (वारंवारच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची) भेग धरते. शाफ्ट आत सी-क्लिपने (C आकाराच्या कडीने) अडकवलेला असेल तर तो तुटताच चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर येऊ शकतं. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हब आणि स्पिंडलवरची (ॲक्सलच्या स्थिर टोकावरची) दोन बेअरिंगं पेलतात, शाफ्टकडे फक्त पीळ राहतो. तो तुटला तरी चाक जागेवर असतं. तुकडे काढून पुढच्या ॲक्सलवर गाडी हलवता येते.

मोडलेली जागा नीट पाहिली तर कारण कळतं. शाफ्टला आडवा, सपाट आणि भोवऱ्यासारख्या रेघांचा तुटवा म्हणजे चिवट पोलाद एका झटक्यात अतिपिळाने गेलं. 45 अंशांत तिरका, मळसूत्री तुटवा ठिसूळपणा सांगतो. गुळगुळीत भाग, त्यावर एकाआड एक कमानी आणि कडेला थोडासाच खडबडीत पट्टा असेल तर भेग बरेच दिवस वाढत होती. अशा वेळी नवा शाफ्ट टाकण्याआधी बेअरिंग, स्पेसर आणि वाकलेलं हाउसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) तपासा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

तुटण्याआधी शाफ्ट बहुधा सूचना देतो. बसवण्यापूर्वी त्यावर टोकापासून टोकापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी बाहेर काढल्यावर ती तिरकी झालेली दिसली, किंवा दाते एका अंगाला कलंडलेले दिसले, तर शाफ्ट कायमचा पिळला आहे. तो परत बसवायचा नाही. असे कलंडलेले दाते साइड गिअरमध्ये (डिफरन्शियलमधल्या, शाफ्ट शिरतो त्या गिअरमध्ये) घट्ट रुतून बसतात आणि शाफ्ट ओढून निघत नाही. तुकडा आतच राहिला असेल तर दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून मधली वाट मोकळी आहे का ते पाहा. असेल तर तिकडून लांब सळई घालून तो ढकलता येतो. आडवी पिन किंवा लॉकर वाटेत असेल तर डिफरन्शियल खोलावाच लागतो. नंतर तेल पूर्ण काढा, हाउसिंग आतून पुसून घ्या आणि क्राउन-पिनियनचे दाते बोट फिरवून तपासा. पोलादाचा एक कण दात्यांत सापडला तरी पुढचा खर्च शाफ्टपेक्षा मोठा असतो.