सेरेना अध्यासन : निर्वासिताच्या मुलाची देणगी

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत इटालियन भाषेच्या प्राध्यापकपदांची सुरुवात निर्वासितांनी केली. १८२८ मध्ये लंडनच्या नव्या विद्यापीठात (आजचे युनिव्हर्सिटी कॉलेज) या भाषेचे प्राध्यापक झाले अँटोनियो पानिझ्झी. इटलीतल्या मोडेना संस्थानाने त्यांना राजद्रोहासाठी त्यांच्या गैरहजेरीत फाशी ठोठावली होती, वर त्या प्रतीकात्मक फाशीच्या खर्चाचे बिलही धाडले होते! १८३१ मध्ये किंग्ज कॉलेजात आले नेपल्सहून परागंदा झालेले कवी गाब्रिएले रोसेत्ती. हुद्दा भारदस्त, पण कमाई मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर, आणि विद्यार्थी मोजकेच. पानिझ्झींनी पुढे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाची वाट धरली यात नवल नाही.

अशा विषयाला कायमचा आधार हवा तर निधी हवा. तो आणखी एका निर्वासिताच्या घरातून आला. दानिएले मानिन यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रियाविरुद्ध उठलेले व्हेनिसचे प्रजासत्ताक १८४९ मध्ये कोसळले. त्या लढ्यातले लिओने सेरेना इंग्लंडला आले. त्यांचा मुलगा आर्थर लंडनमध्ये जहाजांच्या दलालीत श्रीमंत झाला. पहिले महायुद्ध संपत असताना त्याने ऑक्सफर्ड, केंब्रिज, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम अशा चार विद्यापीठांना इटालियनच्या अध्यासनांसाठी, म्हणजे देणगीच्या निधीवर चालणाऱ्या कायमच्या प्राध्यापकपदांसाठी, पैसे दिले. हीच सेरेना अध्यासने. वेळही अनुकूल होती. इटली १९१५ पासून ब्रिटनच्या बाजूने लढत होती, आणि आधुनिक भाषांची हेळसांड होत असल्याचे स्टॅन्ली लीद्स यांच्या सरकारी समितीने १९१८ च्या अहवालात बजावले होते.

केंब्रिजची पहिली निवड मला सर्वांत मोलाची वाटते. १९१९ मध्ये तिथे बसवले गेले थॉमस ओकी. वय पासष्टीपुढचे, विद्यापीठीय शिक्षण नाही, धंदा टोपल्या विणण्याचा. पूर्व लंडनमधल्या या कारागिराने टॉयन्बी हॉल या तिथल्याच समाजसेवी केंद्राच्या संध्याकाळच्या वर्गांत भाषा शिकून घेतल्या, इटालियन महाकवी दान्तेच्या 'पुर्गातोरिओ'चा इंग्रजी अनुवाद केला, आणि टोपल्या विणण्याच्या कलेवर पुस्तकही लिहिले. अध्यासन नवे होते, त्यामुळे त्याला ठरलेला साचा नव्हता. जुन्या अभिजात विषयात असा माणूस दारातच अडवला गेला असता, असे वाटते.

बर्मिंगहॅममध्ये १९२१ पासून हे पद लिनेत्ता दे कास्तेलवेक्क्यो रिचर्डसन या स्त्रीकडे होते, तेही केंब्रिज स्त्रियांना पूर्ण पदवी देत नव्हते त्या काळात. ऑक्सफर्डचे पहिले प्राध्यापक चेझारे फोलिन्यो. त्यांची कारकीर्द संपली १९४० मध्ये, त्याच वर्षी इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली.

देणगीने पद कायम राहते, पण एका पिढीची रक्कम पुढच्या पिढीला पुरतेच असे नाही. ऑक्सफर्डच्या अध्यासनाला पुढे 'फियाट-सेरेना' हे नाव मिळाले आणि नंतर 'आन्येली-सेरेना'. आन्येली म्हणजे फियाट ही मोटार कंपनी दीर्घकाळ चालवणारे घराणे. जहाजांच्या दलालाशेजारी मोटारवाल्याचे नाव लागले.