भिंतीवरची बुरशी : आधी पाण्याचा माग, मग तपासणी

पावसाळा मध्यावर आला की मुंबई आणि कोकणातल्या घरांत पावसाच्या माऱ्याकडील भिंतींना ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात आणि कपाटामागे काळपट-हिरवे ठिपके दिसू लागतात. अशा वेळी घरातील हवेची तपासणी करून घ्यावी, असा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते बहुतेक घरांत हा खर्च अनाठायी असतो.

बुरशीचे बीजाणू साधारणपणे २ ते १० मायक्रॉन आकाराचे असतात आणि ते घरात व घराबाहेर सर्वत्र असतातच. त्यांना रुजण्यासाठी हवी असते ती ओल. हवेच्या तपासणीत एका छोट्या पंपाने ठरावीक हवा खेचून तिच्यातील कण चिकट काचपट्टीवर पकडले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात. मात्र ही संख्या खिडकी उघडी होती का, केर नुकताच काढला होता का, यांवरही बदलते. शिवाय ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशीच्या दोन प्रकारांचे बीजाणू या पद्धतीने एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. किती बीजाणू असले म्हणजे घर धोकादायक, अशी सर्वमान्य मर्यादाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत असा आकडा न देता ओल रोखण्यावरच भर दिला आहे. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर नमुने घेण्याची सहसा गरज नसते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही सांगते.

भिंतीवर पांढरा थर असेल तर तो आधी नीट पाहावा. त्यावर पाण्याचा थेंब टाकताच तो विरघळला, तर ती बुरशी नसून भिंतीतून बाहेर आलेला क्षार, म्हणजे लोणा, असण्याचीच शक्यता अधिक. अर्थात लोणा हादेखील भिंतीत पाणी मुरत असल्याचाच पुरावा आहे.

चांगला तपासनीस म्हणूनच आर्द्रतामापक घेऊन वरच्या मजल्याचे न्हाणीघर, बाहेरच्या भिंतीतील तडे आणि आतून गेलेले नळ यांचा माग काढतो. कुबट वास येतो पण डाग कुठेच दिसत नाहीत, अशा घरात त्याचा खरा उपयोग होतो. तपासणारा आणि सफाई करणारा एकच असेल, तर समस्या मोठी दाखवण्यात त्याचा फायदा असतो; अमेरिकेतील टेक्सास राज्यात एकाच कामासाठी ही दोन्ही कामे एकाच कंपनीने करण्यास कायद्याने मनाई आहे. आपणही दोघांना वेगळेच बोलवावे.

सुमारे १० चौरस फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी साबणाच्या पाण्याने घासून काढता येतो; त्यासाठी एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेत, आणि दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये. ब्लीचवर भिस्त ठेवू नये, कारण प्लास्टर सच्छिद्र असते आणि मेलेली बुरशीही ॲलर्जी निर्माण करू शकते. ब्लीच टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे तर कधीच विसरू नये.

बुरशी त्याहून मोठ्या भागात पसरली असेल तर व्यावसायिक मदत घ्यावी. जाणकार कारागीर ती खोली जाड प्लॅस्टिकने बंद करतात, पंख्याने आतली हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून बाहेर काढत राहतात, म्हणजे बीजाणू इतर खोल्यांत जात नाहीत, आणि भिजलेले जिप्सम बोर्ड व प्लायवूड कापून टाकतात. त्यानंतर गळती बंद करून, त्याच घरातील कोरड्या भिंतीइतका आर्द्रतेचा आकडा येईपर्यंत थांबावे. रंगाऱ्याला त्यानंतरच बोलवावे.