केरो (इलिनॉय) : लोकसंख्या, उत्पन्न आणि वांशिक रचना

केरो हे अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो व मिसिसिपी या नद्यांच्या संगमावर वसलेले छोटे शहर असून ते अलेक्झांडर परगण्याचे मुख्य ठिकाण आहे. नाव इजिप्तच्या राजधानीवरून घेतलेले असले, तरी स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘केरो’ असाच करतात. शहराभोवती पूरसंरक्षक बांध आहेत. उत्तरेकडून येणारा रस्ता जेथे रेल्वेमार्गाखालून शहरात शिरतो, तेथे एक अवजड पोलादी दरवाजा टांगलेला आहे. महापुरात तो खाली सोडला की शहराचे बेट होते.

१९२० च्या जनगणनेत येथे १५,२०३ लोक होते. त्यानंतर हा आकडा पुन्हा कधीच गाठला गेला नाही. १९५० मध्ये १२,१२३, १९७० मध्ये ६,२७७, २००० मध्ये ३,६३२ आणि २०२० मध्ये १,७३३ अशी ही उतरंड आहे. तिचे मूळ वाहतुकीत सापडते. नदी ओलांडण्यासाठी जेथे गाड्या आणि माल थांबत, तेथे हमाली, गोदामे आणि खानावळी चालत. १८८९ मध्ये ओहायो नदीवर रेल्वेपूल झाला, विसाव्या शतकात दोन्ही नद्यांवर रस्त्यांचे पूल आले आणि १९७८ च्या सुमारास आंतरराज्य महामार्ग शहराला वळसा घालून गेला. थांबण्याचे कारणच उरले नाही.

तथापि, सगळे खापर पुलांवर फोडणे योग्य नाही. १९०९ मध्ये जमावाने विल जेम्स या कृष्णवर्णी माणसाची हजारोंच्या साक्षीने हत्या केली होती. पुढे सार्वजनिक पोहण्याचा तलाव सर्वांना खुला करण्याची मागणी झाली, तेव्हा तो १९६३ मध्ये बंद करण्यात आला आणि कालांतराने काँक्रीटने बुजवला गेला. जुलै १९६७ मध्ये रजेवर आलेला एक तरुण कृष्णवर्णी सैनिक पोलीस ठाण्यात मृतावस्थेत आढळला. ही आत्महत्या असल्याचे अधिकृत म्हणणे कृष्णवर्णी रहिवाशांनी मानले नाही आणि दंगल उसळली. १९६९ पासून त्यांनी, आपल्याला नोकरी न देणाऱ्या दुकानांवर बहिष्कार घातला. कित्येक दुकानदारांनी कृष्णवर्णी नोकर ठेवण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावणे पसंत केले. १९६० ते १९७० या एकाच दशकात शहराने सुमारे एक तृतीयांश लोक गमावले.

वांशिक रचनेचे आकडे वाचताना येथेच गफलत होते. २००० मध्ये कृष्णवर्णी रहिवाशांचे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते, तर २०१० मध्ये ते ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. त्यावरून कृष्णवर्णी वस्ती वाढल्याचा समज होतो. वस्तुतः १९०० च्या सुमारास, शहरात साडेबारा हजार लोक असताना, कृष्णवर्णी रहिवासी जवळजवळ पाच हजार होते, म्हणजे आजच्या संपूर्ण शहराच्या जवळपास तिप्पट. गौरवर्णी अधिक वेगाने निघून गेले, म्हणून उरलेल्यांचा टक्का वाढला. माणसे मात्र दोन्हीकडची घटली.

२००० च्या जनगणनेनुसार केरोतील कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न २१,६०७ डॉलर होते, म्हणजे राष्ट्रीय मध्यकाच्या (४१,९९४ डॉलर) जेमतेम निम्मे. रहिवाशांपैकी एक तृतीयांश दारिद्र्यरेषेखाली होते आणि अठरा वर्षांखालील मुलांमध्ये हे प्रमाण निम्म्याजवळ जात होते. त्यानंतर जनगणनेतून उत्पन्नाचा प्रश्न काढून टाकण्यात आला. आता ही माहिती नमुना पाहणीतून मिळते आणि एवढ्या छोट्या शहरात थोड्याच घरांच्या उत्तरांवर ती अवलंबून असल्याने, एखाद्या वर्षीच्या चढउतारावर फार भिस्त ठेवता येत नाही.

गरीब कुटुंबांचा मोठा आधार असलेली सरकारी घरे वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने मोडकळीस आली होती. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने परगण्याचे गृहनिर्माण प्राधिकरण ताब्यात घेतले आणि पुढच्याच वर्षी एल्मवुड व मॅकब्राइड या दोन वसाहती पाडण्याचे जाहीर केले. शहरात भाड्याची दुसरी घरे फारशी नसल्यामुळे, स्थलांतराचे सरकारी साहाय्य हाती असूनही अनेक कुटुंबांना केरो सोडावे लागले. २०१० मध्ये २,८३१ असलेली लोकसंख्या २०२० पर्यंत ३९ टक्क्यांनी घटली. टक्केवारीत मोजल्यास ही घट साठच्या दशकातील घटीपेक्षाही मोठी आहे.